हसता शॉट

१

बिराप्पा मेला होता आणि मी रडत होतो. म्हणजे मला रडायला उभं केलं होतं.

साताऱ्याच्या बाहेर एक बंगला आहे, तिथं बाराही महिने मालिकांचं शूटिंग चालतं. अंगणात तिरडी, तिरडीवर बिराप्पा. नाकात कापूस, अंगावर पांढरं कापड, वरून सुतळीनं आवळलेलं. मी मागच्या रांगेत टोपी काढून उभा. भूमिका काय, तर शेजारी! फौजेतून सुभेदार होऊन आलेला सहा फुटी गडी, मिशा अशा की गावातली पोरं अजून वाट सोडतात, आणि तो मागच्या रांगेत. आणि जतकडच्या माळावर मेंढरामागं वाढलेला हा काटकुळा बिराप्पा पुढं निवांत झोपलेला, सगळे कॅमेरे त्याच्यावर. मेला तरी माझ्यापेक्षा बरा दिसत होता मेला. पोटात दुखणार नाही तर काय होणार?

ह्या धंद्यात एक रीत आहे. नटानं मेल्याचं सोंग केलं की लगेच कॅमेरा बंद करत नाहीत. डायरेक्टर ओरडतो, "हसा!" मग मेलेल्यानं डोळे उघडायचे, थेट कॅमेऱ्याच्या भिंगात बघायचं आणि खदखदून हसायचं. तेवढा तुकडा मालिकेत लावत नाहीत, पण घेतल्याशिवाय पुढचं काम सुरू होत नाही. ह्याला हसता शॉट म्हणतात. एरवी कॅमेऱ्याकडं बघितलं तर शिव्या बसतात. मेल्यावर मात्र बघायलाच लागतं, माणूस परत आलाय हे त्याला दाखवायला.

बिराप्पा असा हसला की अख्खं युनिट हसलं. टाळ्या पडल्या. अपेक्षा म्हणून डायरेक्टरच्या हाताखाली काम करणारी सांगलीची पोरगी आहे, तिनं पळत येऊन त्याच्या तोंडात पेढा घातला. शेजाऱ्याला कोण पेढा देतंय?

रहिमतपूरला घरी आलो तर संयोगिता, म्हणजे आमची बायको, दारातच म्हणाली, "आवं, आजच्यात तरी दिसणार का तुमी?"

"कान दिसेल," मी म्हणालो.

"कुठला?" ती म्हणाली. तिला चेष्टा करायची नव्हती, तिला खरंच बघायचा होता. ते जास्त लागलं मला.

२

आता मला सांगा, त्या बिराप्पात असं काय होतं? आवाज बारीक. उच्चार गावंढळ. तरी महिनाभरात तो हवालदार झाला, भटजी झाला, डॉक्टर झाला, चहावाला झाला. आणि मी आपला कुणाचा तरी कान.

एकदा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मेकअपच्या खोलीत शिरलो, तर गडी एकटाच कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेला. मला बघून सरकला, जागा दिली. त्याचा हा चांगुलपणाच माझ्या डोळ्यात खुपायचा.

"या सुभेदार. आमचा मामा बघा."

"कुठला मामा रं?"

"अमेरिकंचा."

शंभर वर्षांपूर्वीचा मुका सिनेमा होता. काळं-पांढरं, फडफडणारं. एक दुकान, पुढं हिरो उड्या मारतोय, आणि मागं दाराशी काळ्या कोटातला एक म्हातारा. तो काहीच करत नव्हता. अंगठ्याच्या नखानं हनुवटी खाजवत उभा होता, बास. पण हिरो सोडून माझी नजर त्याच्यावरच जाऊन बसली.

"बघितलंसा?" बिराप्पा म्हणाला. "काय न करता समदं घिऊन जातंय म्हातारं. मी ह्यालाच बघून शिकलो. रोज एक पिक्चर बघतो."

"नाव काय ह्याचं?"

"पाटीवर कवाच येत न्हाई. इंग्रजीत हाय कुठंतरी." मग त्यानं आवाज उतरवला. "फकस्त एक ध्यानात ठेवा. मामा कंच्या पिक्चरमदी मेला, की तितंच बंद करायचं. फुडं बघायचं न्हाई."

"का रं?"

"त्यास्नी तिकडं आपली रीत न्हवती. इतक्यांदा मेलं बिचारं, पन कुनी हसा म्हणून सांगितलंच न्हाई त्याला."

मी हसलो. मेंढरं राखणाऱ्याची अक्कल, असं मनात म्हणालो. तोंडानं म्हणालो, "बरं बाबा."

३

घरी येऊन सिनेमाच्या नावावरून मामाला शोधलं. एझ्रा पेंडल्टन. आधी नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडला. न्यूयॉर्कला सिनेमा सुरू झाला तसा त्यात शिरला, धंदा कॅलिफोर्नियाला गेला तसा मागोमाग गेला. तीनशेच्या वर सिनेमे. शेरीफ, पाद्री, स्टेशनमास्तर, दारुडा, जज्ज, हिरॉइनचा बाप. हिरो एकदाही नाही. जन्माची तारीख दिलेली होती. मृत्यूच्या जागी नुसती आडवी रेघ.

तीनशे! मला त्याचाही हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. कधीच मरून माती झालेल्या माणसाचा हेवा.

त्याच रात्री उशिरा सोफ्यावर आडवा होऊन मी एक सिनेमा लावला. त्यात मामा पोस्टमन होता. पत्र द्यायच्या आधी पाकिटाच्या कडेनं त्यानं हनुवटी खाजवली. दुसऱ्या दिवशी सेटवर गेलो, तर बिराप्पा खाकी घालून पोस्टमन! आणि पत्र देताना त्यानं पाकिटाच्या कडेनं हनुवटी खाजवली.

"चोर!" मी मनात म्हणालो आणि मला फार बरं वाटलं. चला, गड्याचं स्वतःचं काही नाही.

पण चहा घेताना अपेक्षा सहज म्हणाली, "नशीब, बिराप्पाकाका आले. पोस्टमनचा नट वेगळाच होता, त्याची गाडी सकाळी घाटात बंद पडली."

म्हणजे काल मी तो पोस्टमन बघत होतो, तेव्हा बिराप्पाला पोस्टमन मिळालेलाच नव्हता. मी विचारलं त्याला, "काल काय बघितलंस रं?"

"पोस्टमनचं," तो म्हणाला. "का वो?"

आता डोकं ठिकाणावर ठेवून विचार केला तर ह्यात काय आहे? मालिकेत पात्रं असतात किती! पोलीस, डॉक्टर, पोस्टमन, भटजी. काहीही बघा, आज ना उद्या ते जुळणारच. मी स्वतःला असं दोनदा बजावलं. आणि घरी जाऊन शेरीफचा सिनेमा लावला.

सकाळी अपेक्षाचा फोन आला. "सर, इन्स्पेक्टर कराल का? चार वाक्यं आहेत."

४

काय ते दिवस! मी जज्ज बघितला, जज्ज झालो. पाद्री बघितला, कीर्तनकार झालो. अपेक्षा मला 'सर' सोडून 'काका' म्हणायला लागली. बिराप्पाला मात्र फोन येईनासे झाले. मी त्याच्या आधी बघत होतो. तो रात्री बघायचा, मी दुपारीच उरकून घ्यायचो. एकदा तो मागच्या रांगेत टोपी काढून उभा होता आणि मी पुढं निकाल वाचत होतो. मी मुद्दाम त्याच्याकडं बघितलं. तो आपला कौतुकानं बघत होता. असला राग आला मला!

संयोगितानं टीव्हीवर मला बघितलं, शेजारणींना बोलावून दाखवलं. "आमचं सायेब," म्हणाली. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं मला असं कधी म्हटलं नव्हतं.

दोन गोष्टी तेवढ्या खटकायच्या.

पहिली म्हणजे आवाज. सिनेमा मुका, मोबाइलचा आवाज बंद, तरी तो लावला की खोलीत बारीक खटखट सुरू व्हायची. एका लयीत, शिलाई मशीन चालावं तशी. एके दुपारी संयोगिता आतून पदराला हात पुसत आली. "मशीन कोन चालवतंय?"

आमच्या हॉलमध्ये तिचं जुनं मशीन आहे, भिंतीला लावून ठेवलेलं. त्यावर कापड झाकलेलं होतं, कापडावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. दोघांनी बघितलं. मी मोबाइल उलटा केला तशी खटखट थांबली.

"शेजारी आसंल," ती म्हणाली. शेजारी तर पेरूची बाग आहे. ती मला दिसत होती, तिलाही दिसत होती.

दुसरी गोष्ट सांगायला मला अजून जड जातं. मामा जवळ येत होता. पहिल्या सिनेमात पार मागं दाराशी. शेरीफ होता तेव्हा खोलीच्या मध्यावर. जज्ज झाला तेव्हा टेबलाच्या अलीकडं. प्रत्येक सिनेमा वेगळा, वेगळ्या सालातला, वेगळ्या माणसांनी काढलेला. त्यांना काय माहीत मी कुठल्या क्रमानं बघणार आहे? योगायोग म्हणायचा आणि सोडून द्यायचं. मी म्हणायचो. सोडवत तेवढं नव्हतं.

कॅमेऱ्याकडं मात्र त्यानं कधी बघितलं नाही. नजर नेहमी भिंगाच्या जरा बाजूला. मोबाइल धरणाऱ्या माझ्या अंगठ्यावर असावी तशी.

५

मग आबासाहेब आले.

नवी मालिका निघाली होती. मोठं बागायतदार घराणं आणि घराण्याचे प्रमुख आबासाहेब. रोज दिसणारं पात्र. अपेक्षानं मला बाजूला घेतलं. "काका, कुणाला सांगू नका. तुम्ही आणि बिराप्पाकाका, दोघांतलं एक नाव ठरायचंय."

बिराप्पा! आबासाहेब! फेटा त्याच्या डोक्यावर राहणार तरी होता का? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या घरात तीन पिढ्या ऊस आणि दोन पिढ्या फौज, आबासाहेब काय ते मला शिकवायची गरज नव्हती. ही भूमिका गेली तर पुन्हा कान, पुन्हा मागची रांग, आणि संयोगिता पुन्हा विचारणार, कुठला?

मी मामाचा तसला सिनेमा हुडकायला लागलो. सापडला. मोठा वाडा, शेकोटीपाशी खुर्ची, खुर्चीत मामा. घराचा मालक! सगळे त्याच्यापुढं माना खाली घालतात. मी उठून बसलो. हाच.

थोड्या वेळानं मामानं छातीवर हात ठेवला आणि तो खुर्चीतच कलंडला.

इथं बंद करायचं होतं. माझा अंगठा वर गेलाही होता. पण मनात आलं, हा बिराप्पा मला का अडवतोय? जिथं मामाचं खरं काम आहे, तेच त्यानं मला बघू नको म्हणून सांगितलं. गोड बोलून मोठा घास स्वतःसाठी राखून ठेवला की काय? लेका, मी काय खुळा आहे?

मी पुढं बघितलं. शवपेटी. झाकण उघडं. लोक येतात, फुलं ठेवतात, जातात. मग सगळे गेले आणि नुसता मामाचा चेहरा राहिला. इतका जवळ की पापण्यांचे केस दिसत होते. खटखट चालू होती. चेहरा हलत नव्हता. हलत नव्हता, पण ओठांची कडा अशी ताठ धरलेली की कुणी नुसतं 'हसा' म्हणायची खोटी. मी श्वास धरून वाट बघत राहिलो.

काही झालं नाही. सिनेमा संपला. पेरूच्या बागेत कावळे ओरडत होते. मला माझंच हसू आलं.

सकाळी अपेक्षाचा फोन. "काका, पेढे द्या! आबासाहेब तुम्हीच!"

६

संयोगितानं साखर वाटली. सेटवर बिराप्पा माझ्या चुलतभावाच्या भूमिकेत होता, दोन वाक्यांच्या. त्यानं माझे हात हातात घेतले. "लय भारी झालं बघा सुभेदार." मग हात न सोडता म्हणाला, "कंचा बघितला वो?"

"कुठला नाही. आपोआप मिळालं."

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. "शेवटपातूर बघितला न्हाई न्हवं?"

"नाही म्हटलं ना!"

मेकअप झाल्यावर अपेक्षा कागद घेऊन आली. मी फेटा सारखा करत विचारलं, "वाक्यं कुठली पाठ करू?"

ती जरा अडखळली. "काका, तुम्हाला सांगितलं नाही का कुणी? आबासाहेब पहिल्याच भागात जातात. मग दिवाणखान्यात हार घातलेला फोटो. पण रोज दिसणार बरं का तुम्ही! सगळे तुमच्या फोटोपुढंच बोलणार."

मी आरशात बघितलं. आरशात आबासाहेब होते. आता मागं कसं फिरणार? सगळ्या गावात साखर वाटून झाली होती.

आधी फोटो काढला. फोटोग्राफर म्हणाला, "गंभीर राहा," मी गंभीर राहिलो. मग अंगणात मला तिरडीवर निजवलं. हात कापडाखाली पोटावर, वरून सुतळी. नाकात कापूस. ऊन चांगलं सणसणीत होतं. बायका रडायला लागल्या. बिराप्पाचा बारीक आवाज ऐकू आला, "आबा, आमाला टाकून गेलासा." मला वाटलं, ह्याला अजून बोलता येत नाही आणि तरी ह्याला वाक्यं आहेत.

मग खटखट सुरू झाली.

आताच्या कॅमेऱ्यांना आवाज नसतो. एवढं मला कळत होतं. रडणं हळूहळू लांब गेलं आणि खटखट कानाशी आली. डोळे मिटलेलेच होते, पण उजेड बदलला, फडफडायला लागला. कापसातून वार्निशचा आणि कोमेजल्या फुलांचा वास आला.

"हसा!" डायरेक्टर ओरडला.

मी डोळे उघडले नाहीत. उघडलेच नाहीत मी, शपथेवर सांगतो. उघडायची धडपड करत होतो, ओठ ओढत होतो, आणि एक पापणी हलत नव्हती. तेवढ्यात एक मोठं, खदखदून हसणं ऐकू आलं. शंभर वर्षं दाबून धरलेलं असावं तसं ते थांबेचना. टाळ्या पडल्या.

मग कुणीतरी सुतळी सोडली आणि मी एकदम उठून बसलो.

"काय हसलात काका!" अपेक्षा म्हणाली. सगळे मॉनिटरपाशी जमले होते. मीही गेलो. पडद्यावर मी तिरडीवर होतो. माझा फेटा, माझ्या मिशा. त्यानं डोळे उघडले, भिंगात बघितलं आणि हसला. हसता हसता त्यानं हात वर केला आणि अंगठ्याच्या नखानं हनुवटी खाजवली.

"माझे हात बांधलेले होते," मी म्हणालो.

"सैल असेल सुतळी," अपेक्षा म्हणाली आणि पुढच्या शॉटला पळाली.

मी मनगटं बघितली. सुतळीचे वळ होते, लालभडक. बिराप्पानंही ते बघितले. त्यानं एकट्यानं टाळी वाजवली नव्हती.

"सुभेदार," तो म्हणाला, "तुमी हसला न्हाईसा."

"मग तो कोण हसला?"

बिराप्पानं टोपी डोक्यावर घातली आणि गेटकडं चालायला लागला. त्या दिवसापासून तो सेटवर आलेला नाही. जतला मेंढरं घेतली म्हणतात. आणि ते ऐकून मला पुन्हा त्याचाच हेवा वाटला.

७

मालिका जोरात चालली आहे. रोज संध्याकाळी सातला दिवाणखाना दिसतो आणि मधोमध हार घातलेले आबासाहेब. ते हसतात. मी फोटोला गंभीर राहिलो होतो, हे मी अपेक्षाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "काका, त्या हसण्यामुळंच तर लोकांना आवडताय तुम्ही."

मला हसता येत नाही. आरशापुढं उभा राहतो, गाल बोटांनी वर करतो. सोडले की खाली येतात.

तो वाड्याचा सिनेमा मी परत एकदा लावला. खुर्चीत मामा नव्हता, नुसती खुर्ची होती आणि लोक तिच्यापुढं माना घालत होते. शवपेटी मात्र भरलेली होती. चेहरा नीट दिसत नव्हता, फुलं होती वर. पण नाकात कापूस होता. तिकडं मेलेल्याच्या नाकात असा कापूस दिसेल का, तुम्हीच सांगा. मी मोबाइल बंद केला.

युनिटनं तो फोटो आम्हाला भेट दिला. मी माळ्यावर टाक म्हणालो. संयोगितानं हार काढून, काच पुसून तो हॉलमध्ये लावला, बरोबर शिलाई मशीनच्या वर. "किती वर्सांनी आसं हसलायसा," म्हणाली. जाता-येता ती त्याच्याकडं बघते आणि तिच्या तोंडावर जे येतं, ते माझ्याकडं बघून कधी आलं नाही. मी सोफ्यावर बसून बघत असतो. जीव जळतो माझा. बिराप्पावर जळलो त्याच्या शंभरपट मी माझ्याच तोंडावर जळतो.

काल संध्याकाळी मी असाच बसलो होतो. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि फोटोकडं बघत म्हणाली, "चा टाकू का वो?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत ती हसली, "बरं," म्हणाली आणि आत गेली.

थोड्या वेळानं ती एकच कप घेऊन आली आणि मशीनवर ठेवला.